आईच्या खोलीत एसी बसवावा की आधी पत्र्याचं काही करावं? (गुहागर तालुका)

शाकारणी | 12 एप्रिल, रात्री 10:50

मंडळी, घर गुहागर तालुक्यात, समुद्र चालत दहा मिनिटांवर. आजोबांनी 1962 साली बांधलेलं. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर मंगलोरी कौलं होती. होती म्हणतोय, कारण चार वर्षांपूर्वी वांदरांना कंटाळून ती उतरवली आणि निळा पत्रा घातला. आठवड्याला पंधरा-वीस कौलं फुटायची. शाकारणीला, म्हणजे कौलं चाळून पुन्हा बसवायला, माणूस मिळायचा नाही, आणि मिळाला तर त्याची मजुरी ऐकून आपणच शिडी लावावीशी वाटायची.

आता सकाळी अकरापासून घर तापायला लागतं ते रात्री अकरापर्यंत. आई 76 वर्षांची. रात्री दोन-दोनदा उठून ओटीवर जाऊन बसते. ठाण्याचा भाऊ म्हणतो, दीड टनाचा एसी पाठवतो, विषय संपव. पण भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये सगळीकडून मूठ जाईल एवढी फट आहे. एसी लावला तर आगरातल्या (घरामागच्या बागेतल्या) पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, गार होतील, आई नाही. शिवाय मी शाळेत मुलांना पर्यावरण शिकवतो. घरी मुलगी आठवीत आहे, ती माझ्याच वहीतली वाक्यं मला ऐकवते.

जाता जाता दुसरा प्रश्न: न्हाणीत अजून तांब्याचा बंब आहे. आई फुंकणीने जाळ करते आणि अर्धा तास खोकते. गिझर, सोलर, की आणखी काही? पुण्या-नागपूरचे उपाय कृपया नकोत. आमच्याकडे घाम वाळत नाही, फक्त ओघळतो.

चाकरमानी_दिवा | 12 एप्रिल, रात्री 11:15

मोठा कूलर घ्या. वीज कमी, गॅसची भानगड नाही. आमच्या साडूंकडे अकोल्यात मस्त चालतो.

मीटरमॅन | 12 एप्रिल, रात्री 11:40

पुण्या-नागपूरचे उपाय नकोत असं लिहूनही पहिल्याच प्रतिसादात अकोला आलं. :)

कूलर पाणी वाळवून हवा गार करतो. अकोल्याला मे महिन्यात 42 अंश आणि हवा कोरडीठाक, तिथे 42 चे 27-28 होतात. गुहागरला पारा 33 च असतो, पण हवेत 70 टक्के आर्द्रता. तिथे कूलर फार तर 29 पर्यंत आणेल आणि हवा ओल्या फडक्यासारखी करेल. गाद्यांना वास, पुस्तकांना बुरशी. किनाऱ्यावर कूलर म्हणजे महागडा पंखा आणि डासांचं टाकं.

बांद्याचो | 13 एप्रिल, सकाळी 7:05

कित्याक व्हयो एसी? खळ्यात, म्हणजे अंगणात, खाट टाका आणि पडा. आमचो आजो खळ्यात निजान 91 वर्सां जगलो. तेका टन म्हटलो तर खडीचोच म्हायत.

पागोळी | 13 एप्रिल, सकाळी 8:20

आजोबांच्या काळात बिबट्या खळ्यापर्यंत येत नव्हता. आमचे दोन कुत्रे गेले गेल्या पावसाळ्यात. 76 वर्षांच्या बाईला खळ्यात निजवायचा सल्ला देऊ नये.

बांद्याचो | 13 एप्रिल, सकाळी 8:31

बिबट्याक पण उकडता, म्हणान येता तो.

पागोळी | 13 एप्रिल, सकाळी 9:10

आता मुद्द्याचं. आमच्याकडेही (देवगड) कौलं गेली, पत्रा आला. उन्हात पत्र्याची खालची बाजू एवढी तापते की ती स्वतःच हीटरसारखी खालच्या माणसावर उष्णता फेकते. पंखा लावला तरी डोकं तापतंच, कारण पंखा हवा हलवतो, वरून येणारी झळ अडवत नाही. कौलं जाड, सच्छिद्र, आणि दोन कौलांमधल्या फटींतून गरम हवा निघून जायची. पत्र्याला फटच नाही.

आम्ही दोन गोष्टी केल्या. वरून पांढरा रूफ पेंट, दोन हात. खालून बांबूच्या तट्ट्यांचं छत, पत्र्यापासून हातभर खाली, आणि आढ्याशी दोन्ही बाजूंना जाळी लावून हवा जायला वाट. नवऱ्याच्या ऑफिसातलं लेझरचं थर्मामीटर आणून दुपारी एकला मोजलं होतं: रंगाआधी पत्र्याची खालची बाजू 57, रंगानंतर 43. तट्ट्यांची खालची बाजू 34. हे आमच्या घरचं एका दिवसाचं माप, कुणी प्रबंधात घेऊ नका.

सड्यावरची | 13 एप्रिल, सकाळी 10:02

पांढऱ्या रंगाला अनुमोदन, पण अर्धं सत्य सांगू नका. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आपल्याकडे. ऑक्टोबरात तो पांढरा पत्रा शेवाळाने काळाहिरवा झालेला असतो. ब्रशने घासावा लागतो, नाहीतर दुसऱ्या मेपर्यंत पांढरेपणाचं काम संपलं. आणि हो, चुना स्लॅबवर चालतो, पत्र्यावर नाही. पापुद्रे सुटून पन्हळ तुंबते. आमचा अनुभव.

चाकरमानी_दिवा | 13 एप्रिल, सकाळी 10:30

त्यापेक्षा पत्र्यावर नारळाची झापं टाका की. फुकट सावली.

रोठा_सुपारी | 13 एप्रिल, दुपारी 12:15

टाकून पाहिलंय. वांदरांना वाटलं आपल्यासाठी गादी घातली. शिवाय झापं मेअखेर काढायला विसरलो, खाली ओल धरून पत्र्याला गंज लागला. पावसाआधी काढणार असाल तरच.

मी दिवेआगरचा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमचे पत्रे दोन वाड्या पलीकडे सापडले. पत्रे नवीन आले. पण वाडी गेली. घराच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला नारळ-पोफळीची दाट रांग होती, आजोबांच्या हातची. दुपारी तीननंतर घरावर ऊन पडतच नसे. ती गेली आणि त्या वर्षापासून पश्चिमेच्या खोलीत बसवत नाही. तोपर्यंत आम्हाला वाटायचं की घर गार आहे ते चिऱ्यामुळे. नवीन पोफळी लावल्यात, पण त्यांची सावली पत्र्यावर यायला अजून वेळ आहे.

तुमच्याकडे आगर शाबूत आहे, शाकारणी. घराच्या किती जवळ?

शाकारणी | 13 एप्रिल, दुपारी 3:40

आगर पूर्वेला आणि उत्तरेला. पश्चिमेला रस्ता, तिथला आंबा रुंदीकरणात गेला. आई माजघराच्या शेजारच्या खोलीत झोपते, तिला एकच खिडकी आणि ती पडवीत उघडते. पडवी आम्ही पाच वर्षांपूर्वी स्लायडिंग लावून बंद केली, पावसाची झड येते म्हणून.

चौकट_उंबरा | 13 एप्रिल, संध्याकाळी 6:25

सापडलं दुखणं. मी घरं बांधण्याच्या धंद्यात आहे, चिपळूण ते राजापूर. गेल्या दहा वर्षांत जेवढी जुनी घरं पाहिली, निम्म्याहून अधिक ठिकाणी पडवी काचेने बंद केलेली.

शाळेत शिकलो ते आठवा: दुपारी समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई. जुनं घर या दोन वाऱ्यांसाठीच बांधलेलं असे. समोर पडवी-ओटी, मागे परसदार, दोन्ही दारं एका रेषेत. दिवसा वारा पुढून येऊन मागून जायचा, रात्री उलट. पडवीचं काम दुहेरी होतं: भिंतीवर ऊन पडू द्यायचं नाही आणि वारा गाळून आत घ्यायचा. तुम्ही तिला काच लावलीत. आता ऊन आत येतं, काचेमागे अडकतं, आणि आईच्या खोलीला मिळते ती त्या काचेच्या पेटीतली हवा. शिवाय स्लायडिंग कितीही सरकवा, निम्मीच उघडते.

एक पैसा न खर्चता: उन्हाळ्यात ती स्लायडिंगची दारं चौकटीतून उचलून काढून ठेवा (निघतात, वर उचलून खालची बाजू बाहेर ओढायची), जूनच्या पहिल्या आठवड्यात परत बसवा. आणि आईची खाट आगराच्या बाजूच्या, पूर्वेच्या खोलीत हलवा. मतलई वारा तिकडूनच येणार.

भिंतींबद्दल एक. चिऱ्याची जाड भिंत गार असते हे खरं, पण फक्त तिच्यावर ऊन पडत नसेल तर. पश्चिमेची भिंत दुपारभर तापली की ती उष्णता रात्री नऊ-दहाला आत सोडते. म्हणून रात्रीचा त्रास. तिथे मांडव घाला, त्यावर कसलाही वेल चढवा. दोडकी, घोसाळी, काहीही. तोंडीलावण्याचीही सोय.

ओटीवरचा_टवाळ | 13 एप्रिल, संध्याकाळी 7:02

म्हणजे सासूबाईंनी बंद करून घेतलेली पडवी उघडायची? या धाग्यावर कौटुंबिक हिंसाचाराची शक्यता आहे.

डॉक्टरीणबाई | 13 एप्रिल, रात्री 9:48

सगळ्यांचं वाचलं. थोडं वेगळं मत मांडते. वय 76, रात्रीची झोप नाही. दमट हवेत घाम वाळला नाही की शरीर स्वतःला गार करू शकत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, त्यामुळे पाणीही कमी जातं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्यातली एखादी लघवी वाढवणारी असू शकते. हा मजेचा विषय नाही. पर्यावरणाचं ओझं घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवू नका. एप्रिल-मेमधल्या वाईट तीस-चाळीस रात्री एका खोलीत एसी चालवला तर काही बिघडत नाही. तट्ट्या-रंग जरूर करा, पण ते होईपर्यंत आई काय करणार?

मीटरमॅन | 13 एप्रिल, रात्री 10:55

डॉक्टरीणबाईंशी सहमत. पण मग एसी कसा आणि कुठे, हे नीट ठरवा. इथे आकडे सांगतो.

वीज: 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलवाले एसी चालू करताच 24 वर येतात, ते 24 च्या खाली नेऊच नका. खरं तर 27 वर ठेवा आणि पंखा मंद चालू ठेवा. ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब असा की एक अंश वाढवला की साधारण 6 टक्के वीज वाचते. किनाऱ्यावर आपल्याला गारव्यापेक्षा कोरडेपणा हवा असतो. 27 अंशांची कोरडी हवा झोपायला पुरते. पाच स्टारचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात पाच-सहा युनिट घेईल.

आता जे कुणी बोलत नाही ते: गॅस. आर-32 हा नव्या एसीतला गॅस हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट तापमानवाढ करतो. जुन्या एसीतला आर-410ए तर 2088 पट. दीड टनाच्या मशीनमध्ये आर-32 साधारण 800 ग्रॅम. म्हणजे एकदा सगळा गॅस गळाला की 540 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. आपल्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो धरा, तर ही गळती झाली जवळजवळ 770 युनिटांची. रोज सहा युनिट जाळलीत तरी चार महिने लागतील तेवढं व्हायला.

आणि गळती कुठे जास्त होते? जिथे खारा वारा आहे तिथे. माझ्या दापोलीच्या मेव्हण्याने दर दोन वर्षांनी गॅस भरला. मेकॅनिक यायचा, भरायचा, पैसे घ्यायचा. भोक कुठे आहे ते कुणी शोधलंच नाही. बाहेरच्या युनिटची जाळी हाताने चोळली तर बिस्किटासारखी भुगा होत होती.

शाकारणी | 14 एप्रिल, सकाळी 6:50

हे माहीतच नव्हतं. मी बिलाचाच विचार करत होतो. मग उपाय?

मीटरमॅन | 14 एप्रिल, सकाळी 8:15

बाहेरचं युनिट समुद्राच्या बाजूला लावायचंच नाही. तुमच्याकडे पूर्वेची भिंत आहे, तिथे वळचणीखाली लावा. कॉइल तांब्याची आणि गंजरोधक लेप असलेली घ्या. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचा हलका फवारा मारून मीठ धुवायचं, विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते नाही. गॅस कमी झाला म्हणाला तर आधी गळती शोध, सांधा झाळ, मग भर, असं मेकॅनिकला सांगायचं. आर-290, म्हणजे शुद्ध प्रोपेन वापरणारे एसीही मिळतात, त्याचा तापमानवाढीचा आकडा फक्त 3 पट आहे. पण तो पेटणारा गॅस, बसवणारा तसा शिकलेला हवा.

पंख्यांचंही बघा. साधा पंखा 75 वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 च्या आसपास. पाच पंखे रोज बारा तास धरले तर महिन्याला 80 युनिट वाचतात. आणि संध्याकाळी व्होल्टेज 170 वर आलं की साधा पंखा रेंगाळतो, बीएलडीसीचा वेग तोच राहतो. नुसत्या पंखा बदलण्यानेही आईला फरक जाणवेल.

चौकट_उंबरा | 14 एप्रिल, सकाळी 9:30

आणि खोली निवडताना तक्तपोशी असलेली निवडा. जुन्या घरात एखाद्या तरी खोलीला लाकडी माळा असतो. तीच एसीने गार होऊ शकते, बाकी घर पत्र्याखाली उघडंच आहे.

घावणे_रस | 14 एप्रिल, सकाळी 11:20

बंबाबद्दल कुणीच बोलेना! बंब काढू नका हो. सोडणं, करवंट्या, चुडतं, पोयी, हे नारळ-पोफळीचं सगळं आगरात पडलेलं असतंच. ते कुजून नाहीतर जळून जाणारच आहे. विकतचं लाकूड नाही, तोड नाही. आणि पाण्याला जो वास येतो तो गिझरला येत नाही. लहानपणी बंबाच्या निखाऱ्यात आठळ्या भाजून खाल्ल्यात, अर्ध्या कच्च्या, अर्ध्या कोळसा.

डॉक्टरीणबाई | 14 एप्रिल, दुपारी 1:05

आठळ्यांना विरोध नाही. धुराला आहे. बंद न्हाणीतला धूर फुप्फुसात जातो, तो नारळाचा आहे की बाभळीचा याने फुप्फुसाला फरक पडत नाही.

सड्यावरची | 14 एप्रिल, दुपारी 2:40

आम्ही मधला मार्ग काढला. बंब न्हाणीतून काढून परसात, भिंतीबाहेर नेला. धुराडं लांबवून वळचणीच्या वर काढलं. पाणी पाइपने आत येतं. फुंकणी गेली, कारण उघड्यावर ओढ आपोआप चांगली लागते. खर्च फक्त गवंड्याचा आणि प्लंबरचा.

रोठा_सुपारी | 14 एप्रिल, दुपारी 4:10

सोलर बंबाचा अनुभव: ऑक्टोबर ते मे उत्तम, जून ते सप्टेंबर शोभेचा. आणि गरम पाणी हवं असतं नेमकं पावसाळ्यात. शिवाय काचेच्या नळ्यांवर नारळ पडला. तीन नळ्या गेल्या. नारळ मात्र शाबूत होता.

मीटरमॅन | 14 एप्रिल, संध्याकाळी 5:55

कोकणात गरम पाण्याचा हिशेब फार छोटा आहे. विहिरीचं पाणी मुळातच 27 अंश, अंघोळीला 40 पुरे. वीस लिटरची बादली 13 अंश तापवायला 0.3 युनिट. चौघांच्या अंघोळी सव्वा युनिटात. जेवढं हवं तेवढंच तापवा, टाकी भरून दिवसभर चालू ठेवू नका. हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) त्याच्या तिसऱ्या हिश्शात करेल, दमट उबदार हवेत तो छानच चालतो, पण चार माणसांसाठी त्याची किंमत वसूल होत नाही. होम-स्टे असेल तर जरूर.

हर्णैकर | 14 एप्रिल, रात्री 8:30

पीएम सूर्यघर योजनेतून आम्ही 3 किलोवॅटचं सोलर बसवलं. 78 हजार अनुदान खात्यात आलं. जोडफायदा असा की ज्या पत्र्यावर पॅनल आहेत त्या खोलीचा पत्रा सावलीत आला, वीतभर फटीतून वारा जातो. खालची खोली आता घरातली सगळ्यात सुसह्य. फक्त ढाचा गॅल्व्हनाइज्ड आणि नटबोल्ट स्टेनलेसचे घ्या, आणि वाऱ्याचा हिशेब करून नांगर (अँकर) ठोका. तौक्तेत शेजाऱ्यांचा सोलर बंब उडाला होता.

ओटीवरचा_टवाळ | 14 एप्रिल, रात्री 8:44

म्हणजे सोलरचा खरा उपयोग सावली. वीज बोनस.

हर्णैकर | 14 एप्रिल, रात्री 8:52

मेमध्ये तरी तसंच.

चाकरमानी_दिवा | 14 एप्रिल, रात्री 10:12

मग परत कौलंच का नाही घालत सगळे? वांदरांचा बंदोबस्त केला की झालं.

पागोळी | 14 एप्रिल, रात्री 10:20

"वांदरांचा बंदोबस्त केला की झालं." हे वाक्य चौकटीत लावून ठेवते.

शाकारणी | 9 मे, रात्री 9:35

उशिरा लिहितोय, परीक्षा आणि पेपर तपासणी होती. जे झालं ते सांगतो.

दुसऱ्याच दिवशी आईची खाट पूर्वेच्या खोलीत नेली. तिने दोन दिवस बोलणं टाकलं, कारण त्या खोलीतून रस्त्यावरचं कोण आलं-गेलं दिसत नाही. पडवीची स्लायडिंगं काढली. चौकट_उंबरा, तुम्ही म्हणता तशी वर उचलून निघतात, पण आमची एक रूळात चिकटली होती, खोबरेल घालून पहारीने काढली. काचेला तडा गेला. असो.

पत्रा पांढरा केला. तट्ट्या फक्त दोन खोल्यांना झाल्या, कारागीर कणकवलीहून आला आणि बांबू कमी पडला. जूनच्या आत तिसरी होईल असं वाटत नाही. पश्चिमेला मांडव घातलाय, वेल पावसात लावू. आईच्या खोलीत बीएलडीसी पंखा. बंब सड्यावरची यांच्या पद्धतीने बाहेर नेला. आई आता परसात दगडावर बसून जाळ करते आणि सगळ्या वाडीशी गप्पा मारते, त्यामुळे रस्त्याचं दुःख कमी झालं.

एसी घेतला. होय. भाऊ ऐकेना, आणि डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मला पटलं होतं. पण दीडऐवजी एक टनाचा. पूर्वेच्याच खोलीला तक्तपोशी आहे, फटी भरल्या. बाहेरचं युनिट पूर्वेला. वेगळा छोटा मीटर लावलाय, मुलगी रोज वहीत आकडा लिहिते. गेल्या अठरा रात्रींत आईने तो सात रात्री लावला. बाकी रात्री म्हणाली, खिडकीतून वारा आहे, कशाला.

मीटरमॅन | 9 मे, रात्री 10:05

सात रात्रींची युनिटं?

शाकारणी | 9 मे, रात्री 10:11

26. वही समोर आहे.

डॉक्टरीणबाई | 9 मे, रात्री 10:30

छान. आणि झोप?

शाकारणी | 9 मे, रात्री 10:38

पहाटे चारला उठते. पण ती आधीपासूनच चारला उठते.

चाकरमानी_दिवा | 10 मे, सकाळी 9:15

आणि वांदर? पांढऱ्या पत्र्यावर येतात का?

शाकारणी | 10 मे, सकाळी 9:40

पूर्वी दुपारी पाय भाजायचे म्हणून टिकायचे नाहीत. आता आख्खं टोळकं दुपारभर वर बसून असतं.